रामजोश्याची लावणी आणि सोलापूरचा चैत्र

सोलापूरचा कवि रामजोशी याच्याविषयीं आपल्या वाङ्मयेतिहासांत एक समजूत इतकी रूढ झाली आहे कीं, ती तपासून पाहावी असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. ती समजूत अशी कीं, रामजोशी एक नसून दोन आहेत. पहिला रामजोशी तारुण्याच्या भरांत डफ-तुणतुण्याच्या नादीं लागलेला, शृंगारिक लावण्या रचणारा तमासगीर. दुसरा रामजोशी पश्चात्ताप पावलेला, मोरोपंतांच्या उपदेशानें मार्गावर आलेला, वैराग्यपर पदें रचणारा हरिदास. पहिल्याची प्रतिभा मान्य करावयाची व दुसऱ्याची नीति. आणि पहिल्याच्या अपराधाची भरपाई दुसऱ्याच्या पुण्यानें करून कवीस एकदांचें क्षमा करून टाकावयाचें, असा हा ठराव आहे.

आम्हांस हा ठराव मान्य नाहीं. रामजोश्याच्या हातून अपराधच घडला नव्हता, असें सिद्ध करण्याचा आमचा हेतु नाहीं; तो नीतिशास्त्राचा प्रश्न आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, हा द्विभाग छापील संग्रह वाचणारांनीं केलेला आहे. ज्या श्रोत्यांसमोर हीं कवनें गाइलीं गेलीं, त्यांस तो ठाऊक नव्हता. आणि याचा पुरावा जसा कालगणनेंत आहे, तसाच तो सोलापूर प्रांतीं फाल्गुनापासून वैशाखापर्यंत चालणाऱ्या जत्रा, कीर्तनें व फड यांच्या चालीरीतींत आहे. हा दुसरा पुरावा कागदावर नसल्यामुळें संशोधकांनीं त्याकडे लक्ष दिलें नाहीं. तो येथें मांडण्याचें योजिलें आहे.

प्रथम चरित्राचा भाग पाहूं. रामजोश्याच्या चरित्राचीं साधनें थोडीं असून बहुतेक कर्णोपकर्णीं आलेलीं आहेत. त्याचा जन्म इ. स. १७६२ च्या सुमाराचा मानतात, कोणी तो १७५८ पर्यंत मागें नेतात. मृत्यु १८१२ च्या सुमारास झाला असें समजतात. घराणें सोलापूरच्या ब्राह्मण जोश्यांचें. वडील बंधु मुद्गल हे पुराण-कीर्तन करीत. धोंडी शाहिराच्या फडाचा नाद लागल्यामुळें बंधूंनीं रामास घराबाहेर काढलें, त्यानें पंढरपुरास जाऊन शास्त्राध्ययन केलें, परत येऊन नांव मिळविलें, पुन्हा फडाकडे वळला, आणि शेवटीं मोरोपंतांच्या एका शब्दानें डफ टाकून वीणा हातीं घेतली, अशी कथा आहे. कथा सुंदर आहे. तिचा आकार संतचरित्रांतील पतित-पावन कथांशीं जुळतो, हेंच तिच्या लोकप्रियतेचें कारण असावें. परंतु संशोधकानें सुंदर आकार दिसला कीं अधिक सावध व्हावें, हा आपला नेहमींचा नियम आहे.

आतां कालगणना लावून पाहूं. मोरोपंत बारामतीस शके १७१६ च्या चैत्र शुद्ध पौर्णिमेस, म्हणजे इ. स. १७९४ च्या एप्रिलांत, वारले. तेव्हां मोरोपंतांनीं रामजोश्यास जो काय उपदेश केला असेल, तो या दिवसापूर्वींचा असला पाहिजे. १७६२ हें जन्मवर्ष धरिलें तर त्या वेळीं रामजोश्याचें वय फार तर बत्तीस वर्षांचें होतें. १७५८ धरिलें तर छत्तिसाचें. उलटपक्षीं, रामजोश्यास दुसऱ्या बाजीरावाचा आश्रय मिळाला व पुण्यास त्याच्या कवित्वाचें कौतुक झालें, असेंही तीच परंपरा सांगते. दुसरा बाजीराव पेशवेपदावर आला तो १७९६ च्या डिसेंबरांत, म्हणजे मोरोपंतांच्या मृत्यूनंतर अडीच वर्षांहून अधिक काळानें. आतां जर मोरोपंतांच्या उपदेशानें रामजोश्यानें शृंगार व फड कायमचा सोडला असेल, तर बाजीरावाच्या दरबारीं ज्या रामजोश्याचा लावणीकार म्हणून गौरव झाला तो कोण? आणि जर त्या दरबारीं तो लावणी गातच होता, तर मोरोपंतांच्या उपदेशानें झालेलें तें परिवर्तन कोठें गेलें? दोन्ही आख्यायिका खऱ्या धरावयाच्या असतील तर एकच मार्ग उरतो. तो हा कीं, मोरोपंतांची भेट होऊन आर्या कंठीं घेतल्यावरही रामजोश्यानें लावणी सोडली नव्हती. कीर्तन व फड हीं दोन्ही त्याच्या आयुष्यांत बराच काळ शेजारीं शेजारीं नांदत होतीं. दोहोंपैकीं एक आख्यायिका खोटी धरिली, तरी ‘उतारवयांतील पश्चात्ताप’ हा भाग टिकत नाहीं. कारण बत्तीस किंवा छत्तीस हें उतारवय नव्हे.

येथपर्यंतची गोष्ट सालांच्या हिशोबाची झाली. आतां आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो त्या दुसऱ्या पुराव्याकडे वळतों.

सोलापूर प्रांताचें एक वैशिष्ट्य ध्यानांत घेतलें पाहिजे. हा रब्बीचा मुलूख आहे. भीमा व सीना यांच्या खोऱ्यांतील भारी काळी जमीन परतीच्या पावसावर ओल धरते. ज्वारी भाद्रपद-आश्विनांत पेरतात व माघ-फाल्गुनांत काढतात. मंगळवेढें, मोहोळ, बार्शी या बाजूचा शाळू प्रसिद्धच आहे. कोंकणांत किंवा मावळांत शेतकऱ्यास भाताचें पीक घरीं आल्यावर दिवाळीनंतर जी उसंत मिळते, ती सोलापूरकडील शेतकऱ्यास खळें उरकल्यावर, म्हणजे होळीपासून पुढें मिळते. आणि ती मृग नक्षत्रापर्यंत टिकते. घरांत धान्य आहे, हातांत चार पैसे आहेत, शेतांत काम नाहीं. दिवसा ऊन इतकें कडक कीं घराबाहेर पडवत नाहीं. पण सूर्य मावळल्यावर मोकळ्या माळावर वारा सुटतो, पावसाचें भय नसतें, जमीन कोरडी असते, आणि शुद्ध पक्षांत तर दिवटीचेंही फारसें काम पडत नाहीं. ज्या कलेस छप्पर नाहीं व जिचा श्रोता दिवसभर राबणारा आहे, तिचा हंगाम याच महिन्यांत यावा, हें स्वाभाविक आहे. आजही तमाशाचे मोठे फड दसऱ्याच्या सुमारास बाहेर पडतात, पण त्यांच्या कमाईचा भर चैत्र-वैशाखांतील गांवजत्रांवर असतो. पुणें जिल्ह्यांतील नारायणगांवीं गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात व गांवोगांवचे पंच तेथें येऊन जत्रेच्या सुपाऱ्या ठरवितात, ती चाल प्रसिद्ध आहे.

आतां याच महिन्यांचें धार्मिक पंचांग पाहावें. चैत्र शुद्ध नवमीस रामजन्म. त्यापूर्वीं नऊ दिवस ठिकठिकाणच्या राममंदिरांत कीर्तनें. शुद्ध एकादशीस पंढरपूरची चैत्री वारी. ती वर्षांतील चार मुख्य वाऱ्यांपैकीं एक. त्याच पंधरवड्यांत शिखर शिंगणापुरास शंभुमहादेवाची यात्रा व कावडी. पौर्णिमेस हनुमान जयंती, तुळजापुरास भवानीची चैत्री यात्रा. वैशाख शुद्ध तृतीयेस बसवेश्वरांची जयंती, व तिच्या अनुषंगानें कानडी वचनांचें गायन. यांत कांहीं उत्सव मागाहून आलेले आहेत, हें सांगितलें पाहिजे. अक्कलकोटची स्वामी समर्थांची चैत्र वद्य त्रयोदशीची पुण्यतिथि १८७८ नंतरची आहे, आणि ज्या भीमजयंतीनें आज सोलापूर शहराचा एप्रिल महिना गाण्यांनीं भरून जातो, ती विसाव्या शतकांतील आहे. तथापि रामनवमी, चैत्री वारी, शिंगणापूर व तुळजापूर इतकीं स्थळें रामजोश्याच्या काळींही होतीं, यांत शंका नाहीं.

या दोन पंचांगांची जोड लावली कीं एक गोष्ट उघड दिसते. कीर्तन व फड यांचा हंगाम एकच, श्रोता एकच, पुष्कळदां स्थळही एकच. जत्रेच्या दिवशीं सायंकाळीं देवळाच्या सभामंडपांत हरिदास उभा राहतो, पालखी फिरते, आणि मध्यरात्रीच्या सुमारास वेशीबाहेरच्या माळावर ढोलकीवर थाप पडते. सभामंडपांत बुक्का लावून घेतलेला मनुष्यच माळावर जाऊन बसतो. त्यास आपण एका धर्मांतून दुसऱ्या अधर्मांत गेलों असें वाटत नाहीं. देवाच्या जत्रेंतील दोन प्रहर त्यानें दोन रीतींनीं घालविले, इतकेंच. जो कवि अशा श्रोत्यांत जन्मला व वाढला, त्याच्या मनांत या दोन जागांमध्यें आपण आज मानतों तेवढी उंच भिंत असेल, असें गृहीत धरण्यास आधार नाहीं.

भिंत नव्हती याचें एक जिवंत उदाहरण याच प्रांतांत आहे. पंढरपुरास रुक्मिणीमातेची सेवा परंपरेनें ज्या उत्पात घराण्यांकडे २०१४ पर्यंत होती, त्या उत्पात मंडळींत फाल्गुनांत, रंगपंचमीच्या सुमारास, लावणीगायनाची परंपरा आहे. त्यांच्यापैकीं ज्ञानोबा उत्पात हे तर लावणीचे मर्मज्ञ म्हणून सर्व महाराष्ट्रांत ओळखले गेले. ज्या हातांनीं देवीची पूजा केली, त्याच हातांनीं लावणीचा ठेका धरिला, आणि पंढरपूरकरांस त्यांत विसंगति दिसली नाहीं. याच पंढरपुरानें सत्यभामाबाई पंढरपूरकर यांच्यासारखी बैठकीच्या लावणीची कलावती दिली. विठाबाई नारायणगांवकर यांचा जन्मही १९३५ सालीं पंढरपूरचाच. वैराग्याचें पीठ व शृंगाराचें पीठ एकाच वाळवंटाच्या कांठीं वसलेलीं असतां, त्याच पंढरपुरीं शास्त्र शिकलेल्या कवीच्या आयुष्यांत मात्र तीं एकामागून एक, पहिलें संपल्यावर दुसरें, अशींच आलीं पाहिजेत, हा आग्रह कशासाठीं?

याहून बळकट पुरावा खुद्द फडाच्या क्रमांत आहे. पुष्कळ वाचकांचा समज असा कीं, फड म्हणजे शृंगारिक लावण्यांची माळ. वस्तुतः जुन्या फडाचा आरंभ गणानें होतो, नंतर गौळण, मग लावण्या, त्यांतही शृंगारिक, पौराणिक व भेदिक असे प्रकार असून, भेदिक लावणींत शिव-शक्ति, ब्रह्म-माया, पिंड-ब्रह्मांड यांविषयींचे कूट सवाल प्रतिपक्षास घालावयाचे असतात. कलगी व तुरा हे दोन पक्षच मुळीं शक्ति व शिव यांच्या श्रेष्ठत्वाच्या वादावर उभे आहेत. वग हें अंग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जोडलें गेलें. १८६५ चें उमाजी सावळजकर यांचें ‘मोहना बटाव’ हें त्याचें आरंभींचें उदाहरण म्हणून सांगतात. रामजोश्याच्या काळच्या फडांत वग नव्हता. तेव्हां रात्रभर श्रोत्यांस बसवून ठेवण्याचें काम या निरनिराळ्या प्रकारांच्या आलटून पालटून केलेल्या योजनेवरच होतें. शृंगारानें तापलेली सभा उपदेशानें निववावी, उपदेशानें जड झालेली विनोदानें हलकी करावी, पहाटे पुन्हा देवाचें नांव घ्यावें, अशी ती रीत आहे. म्हणजे वैराग्यपर पद हें फड सोडल्याची खूण नसून, फडाचेंच एक आवश्यक अंग होतें. ज्या शाहिराजवळ तें नव्हतें, त्यास पहाटेपर्यंत सभा धरणें कठीण पडलें असतें.

आतां कीर्तनाकडे वळून पाहिलें, तर तेंही एकरंगी नाहीं. नारदीय कीर्तनांत पूर्वरंगीं निरूपण व उत्तररंगीं आख्यान. त्या आख्यानांत साकी, दिंडी, आर्या, कटाव, पदें हीं सर्व येतात, आणि रुक्मिणीस्वयंवर किंवा रासक्रीडा लावतांना शृंगारही मर्यादेनें येतोच. मोरोपंतांच्या आर्या सामान्य जनांच्या कानीं पडल्या त्या पोथीवरून फारशा नव्हेत, तर अशा कीर्तनांतून. आणि त्या कामीं रामजोश्याचा वांटा मोठा होता, ही परंपरा आम्ही विश्वसनीय मानतों. कारण आर्येसारखें आंखूड व गद्यास जवळचें वृत्त मोठ्या सभेंत रंगवावयाचें, तर तें काम फडांत कमावलेल्या गळ्याचें व लयीचें आहे. फडांतील शिक्षण कीर्तनांत उपयोगी पडलें. डफ टाकला असें म्हणण्यापेक्षां डफाची लय टाळांत उतरली, असें म्हणणें अधिक बरोबर होईल.

हें सर्व छापील संग्रहांत कां दिसत नाहीं? त्याचें कारण संग्रहाच्या स्वभावांतच आहे. शंकर तुकाराम शाळिग्राम यांनीं ॲक्वर्थ साहेबांबरोबर १८९१ सालीं ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. तो गोंधळ्यांच्या तोंडून मिळवून केलेला होता. पुढें रामजोश्याच्या लावण्याही त्यांनींच छापून काढल्या. या परिश्रमांचें ऋण मराठी वाचकांवर कायमचें आहे, आणि आम्ही जें कांहीं म्हणतों आहों तें त्यांनीं साधन उपलब्ध करून दिलें म्हणूनच म्हणूं शकतों. तथापि संग्रहकार कवनें मिळवितो तीं एकेक करून. ती कोणत्या क्रमानें, कोणत्या प्रहरीं, कशाच्या मागून व कशाच्या आधीं गात, हें त्याच्या वहींत येत नाहीं. पुस्तकांत विषयवार मांडणी सोयीची असते. म्हणून शृंगार एकीकडे व उपदेश दुसरीकडे जातो. मागाहून शाळांच्या वाचनपुस्तकांनीं त्यांतील उपदेशाचा भाग तेवढा उचलला, कारण दुसरा भाग मुलांच्या हातीं देतां येण्यासारखा नव्हता. अशा रीतीनें एका रात्रीचे दोन प्रहर हे एका आयुष्याचे दोन कालखंड बनले. समजुतीचा उगम आमच्या मतें येथें आहे.

हीच चूक रामजोश्याच्या रचनेच्या परीक्षणांतही शिरली आहे. त्याच्या अनुप्रास-यमकांवर पांडित्यप्रदर्शनाचा आरोप वारंवार होतो. वाचतांना तो खरा वाटतो. एका चरणांत तीन-तीन, चार-चार आंतरयमकें डोळ्यांस बोचतात. परंतु हे चरण डोळ्यांसाठीं नाहींत. ध्वनिवर्धक नसलेल्या काळीं, मोकळ्या माळावर, शेंकडों माणसांच्या मागच्या रांगेपर्यंत शब्द पोंचवावयाचा, तर तो ठराविक मात्रांवर पुन्हा पुन्हा आदळला पाहिजे. थापेबरोबर यमक आलें कीं न ऐकू आलेलें अक्षरही श्रोत्यास अंदाजानें ऐकूं येतें. शिवाय शाहिरास दम घेण्यासाठीं जागा हवी; तेथें झिलकरी ध्रुवपद उचलतात, आणि यमक हीच त्यांस उचलण्याची सूचना असते. मोरोपंतांचें यमक व रामजोश्याचें यमक यांतील भेद येथें ध्यानांत येतो. पंतांचें यमक अर्थाशीं खेळतें; तें समजण्यास थांबावें लागतें व पुन्हा वाचावें लागतें. रामजोश्याचें यमक तालाशीं खेळतें. त्यावर थांबण्यास सवड नसते, व थांबण्याची गरजही नसते. एकास दुसऱ्याच्या मापानें मोजणें हा दोघांवरही अन्याय आहे. रामजोश्याच्या एका पदावरून छंदःशास्त्रांत ‘केशवकरणी’ हें जातीचें नांव रूढ झालें आणि त्या जातींत विसाव्या शतकांतील कवींनींही रचना केली. लय इतकी टिकाऊ ठरली ती ती गळ्यांतून गळ्यांत गेली म्हणून. केवळ कागदावरच्या कसरतीस असें आयुष्य लाभत नाहीं.

तीच गोष्ट त्याच्या मिश्रभाषिक रचनांची. संस्कृत व मराठी चरण एकमेकांत गुंफलेल्या, कानडी व हिंदुस्थानी शब्दांस जागा देणाऱ्या अशा त्याच्या रचना आहेत. समीक्षक त्यांस चमत्कृति म्हणतात. परंतु सोलापूर हें गांवच असें आहे कीं, तेथें बाजारांत उभें राहिलें असतां मराठी, कानडी व दखनी या भाषा एका दमांत कानीं पडतात. मागाहून विणकर मंडळींबरोबर तेलुगूही आली. चैत्राच्या जत्रेस जमलेल्या समुदायांत शास्त्री, वाणी, साळी, शिपाई व शेतकरी सर्वच असत. अशा सभेंत एका चरणास शास्त्र्यानें मान डोलवावी, पुढच्यास कानडी वाण्यानें हसावें व त्याच्या पुढच्यास शिपायानें ‘वाहवा’ म्हणावें, हा हिशोब आहे. ही चमत्कृति खरी; पण ती पंडिताच्या अहंकारांतून निघालेली नसून, समोर बसलेल्या सर्वांस आपापला वांटा मिळावा या शाहिराच्या दक्षतेंतून निघालेली आहे, असें आम्हांस वाटतें.

आमच्या मताविरुद्ध दोन आक्षेप येतील. त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला असा कीं, रामजोश्याचीं उपदेशपर पदें इतकीं तीव्र आहेत, ढोंगी वैराग्यावर त्यांत असे कडक प्रहार आहेत कीं, तीं केवळ सभेच्या सोयीसाठीं रचलीं असें म्हणवत नाहीं. हें आम्हांस मान्य आहे. पण तें आमच्या विरुद्ध जात नाहीं. जटा, भस्म व माळा यांनीं देव भेटत नाहीं असें जो सांगतो, तो स्वतः वेष पालटून साधु झालेला मनुष्य असण्यापेक्षां, वेषाचें मोल फडांतून नित्य पाहिलेला मनुष्य असण्याचा संभव अधिक. दुसरा आक्षेप असा कीं, त्या काळच्या ब्राह्मण समाजांत तमासगीर होणें म्हणजे वाळींत पडणें. तेव्हां भिंत नव्हती असें कसें म्हणतां? हा आक्षेप खरोखर वजनदार आहे. भिंत होती, पण ती श्रोत्यांत नव्हती, तर गाणारांत होती. ऐकावें सर्वांनीं, आणि कलंक लागावा गाणारास, अशी ती व्यवस्था होती. बंधूंनीं रामास घराबाहेर काढलें तें लावणी ऐकल्याबद्दल नव्हे, तर फडांत उभें राहिल्याबद्दल.

आणि येथेंच या रूढ समजुतीचा खरा दोष आहे. पश्चात्तापाची कथा रामजोश्यास फडांतून सोडवून परत देवळांत आणते. पण फड मात्र जेथल्या तेथें, कलंकासह ठेवते. कवि निर्दोष ठरला. त्याचीं कवनें ज्यांनीं पुढें दीडशें-दोनशें वर्षें गाऊन जिवंत ठेवलीं ते मागें राहिले. तमाशाचे फड चालविणारीं घराणीं बहुतेक महार, मांग, कोल्हाटी या समाजांतील. रामजोशी, होनाजी, सगनभाऊ यांच्या लावण्या त्यांच्या गळ्यांतून ऐकूनच पुष्कळशा कागदावर आल्या असतील. परंतु वाङ्मयेतिहासांत कवीचें चरित्र सविस्तर येतें व गाणाराचें नांवही येत नाहीं. हा केवळ सौजन्याचा प्रश्न नव्हे. हा साधनांचा प्रश्न आहे. ज्या साक्षीदारास आपण न्यायालयाबाहेर उभें केलें, त्याच्या साक्षीवांचूनच आपण निकाल लिहीत आलों आहों.

१९४७ सालीं राजकमल कलामंदिरानें ‘लोकशाहीर रामजोशी’ हा चित्रपट काढला. जयराम शिळेदार व हंसा वाडकर यांच्या भूमिका, वसंत देसाई यांचें संगीत व ग. दि. माडगूळकर यांची लेखणी यांमुळें तो घरोघरीं पोंचला, आणि रामजोश्याचें नांव पुन्हा लोकांच्या जिभेवर आलें. त्याबद्दल कृतज्ञच असावें. पण चित्रपट म्हणजे चरित्रसाधन नव्हे, हें सांगण्याची वेळ आली आहे. आज ज्या चाली रामजोश्याच्या म्हणून गाइल्या जातात, त्यांतील फडाच्या परंपरेंतून आलेल्या कोणत्या व चित्रपटासाठीं बांधलेल्या कोणत्या, याचा निवाडा केल्यावांचून त्यांच्यावर कोणतेंही अनुमान बांधूं नये.

फडाचा सांचा विषय बदलला तरी मोडत नाहीं, याचीं उदाहरणें पुढच्या काळांतही आहेत. सत्यशोधक जलशांनीं तमाशाचें रूप घेऊन त्यांत समाजसुधारणेचा विषय घातला. भीमराव कर्डक यांच्यासारख्यांनीं आंबेडकरी जलसे उभे केले. याच जिल्ह्यांतील बार्शीस १९१६ सालीं जन्मलेले अमर शेख यांनीं १९४४ मध्यें अण्णा भाऊ साठे व द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक काढलें. अण्णा भाऊंनीं गणांत गणपतीच्या जागीं मातृभूमि, शिवराय व श्रमिक यांस वंदन केलें. गणाचा देव बदलला, गणाची जागा बदलली नाहीं. एप्रिलांत सोलापूरच्या पेठांतून भीमगीतें ऐकतांना ज्यास गौळणीची व अभंगाची वळणें ओळखूं येतात, त्यास आमचें म्हणणें पटण्यास निराळ्या पुराव्याची गरज पडणार नाहीं. एकाच हंगामांत, एकाच सांच्यांत, भिन्न आशय मावतात. रामजोश्यानेंही तेंच केलें.

शेवटीं एक विनंति. ही साधनसामग्री कागदाची नसल्यामुळें ती दरवर्षीं नव्यानें निर्माण होते, आणि ज्या वर्षीं निर्माण होत नाहीं त्या वर्षीं थोडी नष्ट होते. २०२० व २०२१ या दोन्ही वर्षीं महामारीमुळें चैत्राच्या जत्रा भरल्या नाहींत. फडांचे दोन हंगाम कोरडे गेले. फडांत जुन्या लावणीची जागा सिनेमांतील गाण्यांनीं पूर्वींच बरीचशी व्यापिली होती, ती या खंडानें अधिकच व्यापिली. म्हणून इतिहाससंशोधकांनीं दफ्तरें जशीं तपासलीं, तसा एक चैत्र तपासावा. सोलापूर, पंढरपूर, बार्शी, मोडनिंब या बाजूस गुढीपाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत जेथें जेथें कीर्तन, फड, भेदिकांचा सामना किंवा जलसा होईल, तेथें जाऊन कोणतें कवन कोणत्या प्रहरीं गाइलें, कशाच्या मागून, कोणत्या चालीवर, कोणाकडून शिकलेलें, याची टिपणी करावी. चाल यंत्रावर घ्यावी. आणि गाणाराचें नांव, त्याच्या संमतीनें, कवीच्या नांवाशेजारीं लिहावें. छापील पाठ व गाइलेला पाठ यांत फरक आढळल्यास गाइलेल्यास अपभ्रष्ट म्हणून टाकूं नये. तो निराळा पाठ म्हणून नोंदावा, जसा आपण दोन पोथ्यांचा नोंदतों.

तसें झाल्यास रामजोश्याच्या कवनांचा खरा अनुक्रम कदाचित् हातीं येईल, कदाचित् येणार नाहीं. पण निदान इतकें होईल कीं, एका थोर कवीची स्तुति करण्यासाठीं त्याचे दोन तुकडे करण्याची आवश्यकता उरणार नाहीं. आमचें मत साधार वाटल्यास जाणत्यांनीं त्यास पुष्टि द्यावी. निराधार वाटल्यास पुराव्यानें खोडून काढावें. दोन्ही प्रकारें आम्ही ऋणी राहूं.